ताळा सुटलेली स्मृती: संगणक बंद पडण्याच्या कारणमीमांसेचा इतिहास

सारांश

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम अचानक कोसळली की व्हायरस, वीज किंवा वापरणारी व्यक्ती यांपैकी एकावर ठपका ठेवण्याची प्रथा आपल्या महाविद्यालयांतून रूढ झाली आहे. प्रत्यक्षात अशा अनेक घटनांमागे संगणकाच्या स्मृतीतील, म्हणजेच मेमरीतील, बिघाड असू शकतो. प्रस्तुत निबंधात १९४८ पासून आजपर्यंत हा बिघाड कसा ओळखला गेला याचा आढावा घेतला असून, मुंबईतील 'टिफ्रॅक' या भारतीय बनावटीच्या संगणकाचे त्या इतिहासातील स्थान पाहिले आहे. स्मृतीतील नोंदींचा ताळा घेण्याची सोय स्वस्ताईसाठी काढून टाकल्यामुळे दोष नाहीसा झाला नाही, तो केवळ दिसेनासा झाला, आणि त्याचा भार यंत्राकडून माणसाकडे सरकला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा: संगणक-स्मृती, पॅरिटी, दोषनिदान, टिफ्रॅक, ऑपरेटिंग सिस्टीम, सोलापूर.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात संगणकाचा प्रसार तालुक्याच्या गावापर्यंत झाला तो प्रामुख्याने गेल्या पंचवीस वर्षांत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणक हाताळावयास शिकविले. महाविद्यालयांचे प्रवेश, वेतनपत्रके, ग्रंथालयाच्या नोंदी आणि परीक्षेचे गुण हळूहळू कागदावरून यंत्रात गेले. यंत्र कसे वापरावे याचे शिक्षण सार्वत्रिक झाले. परंतु यंत्र चुकते तेव्हा ती चूक कोणाची हे कसे ठरवावे, याचे शिक्षण मात्र झाले नाही.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात घडलेला प्रसंग प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला आहे. अंतर्गत गुणांची नोंद चालू असताना एक संगणक वारंवार निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. प्रत्येक वेळी पडद्यावरील संदेश निराळा असे. प्रथम व्हायरसचे निदान झाले आणि संगणक 'फॉरमॅट' करण्यात आला. आठ दिवसांत तोच प्रकार पुन्हा घडला. दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदाही फॉरमॅट झाले. अखेरीस कंत्राटी तत्त्वावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळा साहाय्यकाने स्वतःचा पेन ड्राइव्ह जोडल्यामुळे हे घडले असा निष्कर्ष काढून त्यास ताकीद देण्यात आली. पुढे एका माजी विद्यार्थ्याच्या सूचनेवरून त्या यंत्राची मेमरी रात्रभर तपासण्यात आली. सकाळी पडदा तांबड्या ओळींनी भरलेला होता. मेमरीची एक पट्टी बदलताच यंत्र सुरळीत चालू लागले. सर्व गुण मूळ कागदांवरून पुन्हा पडताळून पाहावे लागले. साहाय्यकास दिलेली ताकीद मात्र लेखी मागे घेतली गेली नाही.

या प्रसंगातून निर्माण होणारा प्रश्न तांत्रिक आहे तितकाच ऐतिहासिकही आहे. स्मृतीचा दोष इतका अदृश्य का असतो? तो पूर्वीही असाच अदृश्य होता काय?

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) संगणक-स्मृतीतील दोष ओळखण्याच्या पद्धतींचा कालक्रमाने आढावा घेणे.
(२) भारतातील आरंभीच्या संगणकनिर्मितीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे.
(३) महाविद्यालयीन व्यवहारात दोषनिदानाची कोणती शिस्त आवश्यक आहे हे सुचविणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, प्रसिद्ध झालेले संशोधन आणि संगणकाच्या इतिहासावरील लेखन यांचा आधार घेतला आहे. तांत्रिक बाबी विविध विद्याशाखांतील अध्यापकांस समजतील अशा रीतीने मांडल्या आहेत.

३. स्मृतिदोषाचे स्वरूप: यंत्रमागाचे उदाहरण

सोलापूरच्या वाचकास संगणकाची स्मृती समजावून देण्यासाठी दूर जावयास नको. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जकार्ड यंत्रणेमुळे उमटते, तिच्यात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक फेक. 'आहे' किंवा 'नाही' अशा दोनच शक्यतांनी संपूर्ण नक्षी लिहिलेली असते. संगणकाच्या स्मृतीतील बिट म्हणजे असेच एक छिद्र होय: ते एक तरी असते किंवा शून्य तरी असते.

एखाद्या कार्डावरील एक छिद्र चुकले, तर नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत त्याच जागी तोच दोष उमटतो. धागा उचलणारा आकडाच बिघडला, तर चादरीच्या लांबीभर एक उभी रेघ दिसते. दोष एकदाच दिसून पुन्हा न दिसल्यास तो धागा तुटण्यासारखा प्रासंगिक मानला जातो. दोष कोठे आणि किती अंतराने पुन्हा येतो हे पाहून त्याचे मूळ शोधणे, ही निदानाची मूलभूत रीत होय.

मग संगणकाच्या बाबतीत ही रीत का चालत नाही? याचे कारण असे की, मागावरील कार्डाची जागा ठरलेली असते, तर संगणकात दर वेळी नक्षी नव्याने मांडली जाते. स्मृतीतील एकच घर बिघडलेले असले, तरी आज त्या घरात ऑपरेटिंग सिस्टीमची एखादी आज्ञा असेल, उद्या एखाद्या पत्रातील अक्षर असेल, परवा ते घर रिकामे असेल. पहिल्या प्रसंगी यंत्र कोसळेल, दुसऱ्या प्रसंगी 'क' च्या जागी भलतेच चिन्ह येईल, तिसऱ्या प्रसंगी काहीच होणार नाही. बिघाड एका जागी आणि लक्षणे अनेक जागी, असे या दोषाचे स्वरूप असल्यामुळे पाहणाऱ्यास तो दोष यंत्राचा न वाटता कार्यक्रमाचा अथवा माणसाचा वाटतो.

४. दोष उघड असण्याचा काळ: १९४८ ते १९५३

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका छोट्या प्रायोगिक संगणकाने स्मृतीत साठविलेला कार्यक्रम प्रथमच चालविला. त्याची स्मृती म्हणजे दूरचित्रवाणीच्या नळीसारखी एक नळी होती, आणि तीत ३२ बिटांचे ३२ शब्द मावत. नळीच्या काचेवरील विद्युत्भाराचे ठिपके हेच बिट होते. एका ठिपक्याचे वारंवार वाचन केल्यास शेजारचा ठिपका बिघडतो हे लवकरच लक्षात आले. ही अडचण पुढे, सहासष्ट वर्षांनी, निराळ्या रूपात परत येणार होती.

त्या काळात स्मृती ही यंत्राचा सर्वांत अविश्वसनीय भाग आहे हे सर्वांस ठाऊक होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या 'व्हर्लविंड' या संगणकाच्या नळ्यांची निगा राखण्यात दररोज सुमारे चार तास जात. जे फॉरेस्टर यांनी लोहचुंबकीय कड्यांची, म्हणजे 'कोअर' प्रकारची, स्मृती विकसित केली. ती विश्वासार्ह आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी केन ओल्सन यांच्या नेतृत्वाखाली 'मेमरी टेस्ट कॉम्प्युटर' नावाचा एक स्वतंत्र संगणकच बांधण्यात आला. ऑगस्ट १९५३ मध्ये व्हर्लविंडला कड्यांची स्मृती बसविल्यावर निगेचा वेळ आठवड्याला सुमारे दोन तासांवर आला. केवळ स्मृती तपासण्यासाठी एक संपूर्ण संगणक बांधावा लागला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे.

याच सुमारास बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग वेगळ्या दिशेने विचार करीत होते. आठवड्याच्या शेवटी यंत्रावर लावलेले त्यांचे गणित, यंत्रास चूक आढळताच, अर्धवट सोडले जाई. यंत्रास चूक झाली हे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या प्रश्नातून त्यांनी १९५० मध्ये चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली.

या पद्धतीचा साधा अवतार म्हणजे पॅरिटी बिट. आपल्या शाळांतून गुणाकार झाल्यावर 'ताळा' पाहण्याची रीत होती. उत्तर पुन्हा न काढता, अंकांच्या बेरजेवरून ते चुकले आहे काय हे ताळ्याने कळते. पॅरिटी हा असाच ताळा होय. आठ बिटांसोबत एक नववा बिट असा ठेवावयाचा की एकूण एकांची संख्या नेहमी सम, किंवा नेहमी विषम, राहावी. एक बिट जरी उलटला तरी ताळा जुळत नाही. दोन बिट एकदम उलटले तर मात्र हा साधा ताळा फसतो. हॅमिंग यांच्या पद्धतीत अधिक ताळे ठेवून चुकलेला बिट नेमका ओळखता येतो.

५. टिफ्रॅक: मुंबईतील ८१,९२० कडी

भारतातील पहिला अंकीय संगणक १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आला. परंतु संगणक येथेच बांधावयाचा हा निर्धार मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने प्रथम एक प्रायोगिक यंत्र सिद्ध केले आणि नंतर पूर्ण आकाराचा संगणक बांधला. तो १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती टिफ्रॅकची स्मृती. ती फेराइट कड्यांची असून तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. याचा अर्थ एकूण ८१,९२० बिट, आणि प्रत्येक बिटासाठी एक कडी. अमेरिकेत कड्यांची स्मृती प्रत्यक्ष वापरात येऊन अवघी काही वर्षे झाली असताना मुंबईत तिचा स्वीकार झाला, ही गोष्ट त्या गटाची दृष्टी दर्शविते.

कड्यांच्या स्मृतीचा दोष आपल्या मागाच्या दोषासारखाच असे. कड्या आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असत. एका तारेस प्रवाह पुरविणारे मंडल बिघडले की त्या संपूर्ण रांगेतील कड्या एकदम चुकत, आणि चुकीच्या या आकृतिबंधावरून अभियंत्यास बिघाडाची जागा कळे. अशा स्मृतीची कसोटी पाहण्यासाठी बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक शून्य व एक लिहिण्याची रीत प्रचलित झाली. कारण कड्यांतील विद्युतीय गोंगाट अशा मांडणीत अधिकाधिक वाढतो. साध्या परिस्थितीत सर्व ठीक दिसते. म्हणून परीक्षा प्रतिकूलात प्रतिकूल परिस्थितीत घ्यावी, हे तत्त्व येथे रूढ झाले.

टिफ्रॅक ज्या संस्थेत बांधला गेला तेथेच तो चालविला जात होता. यंत्राचा आराखडा जाणणारी माणसे आणि यंत्र वापरणारी माणसे यांत अंतर नव्हते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० हा कितीतरी शक्तिमान संगणक आला. संगणनाची क्षमता वाढली, परंतु स्वतः घडविलेल्या यंत्राशी असलेले नाते मागे पडू लागले.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करणे उचित ठरेल. टाटा संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा यांची जागतिक कीर्ती वैश्विक किरणांच्या अभ्यासावर उभी होती. हाइटलर यांच्यासह त्यांनी १९३७ मध्ये या किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. फेराइटच्या कड्यांना या किरणांचे फारसे भय नव्हते. तथापि पुढच्या पिढीच्या स्मृतीस त्यांच्यापासूनच उपद्रव व्हावयाचा होता.

६. सिलिकॉनची स्मृती आणि नवे दोष

आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या स्मृतीचे एकस्व मिळाले, तीच आजच्या रॅमची जननी होय. या स्मृतीत बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रातील विद्युत्भार. तो सतत गळत असतो, म्हणून सेकंदातून अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली आणि कड्यांचे युग संपुष्टात येऊ लागले.

१९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे व मरे वुड्स यांनी एक विलक्षण निष्कर्ष मांडला. चिपच्या वेष्टनातील युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कण स्मृतीतील बिट उलटवीत होते. चिपमध्ये कायमचा बिघाड नसे. बिट पुन्हा लिहिला की तो ठीक असे. अशा क्षणिक दोषाला 'सॉफ्ट एरर' असे नाव मिळाले. १९७९ मध्ये आयबीएमचे झिगलर व येल विद्यापीठाचे लॅनफर्ड यांनी वैश्विक किरणांमुळेही असेच घडू शकते असे दाखविले. तत्पूर्वी १९७६ मध्ये लॉस अॅलामोस येथे बसविलेल्या पहिल्या क्रे-१ महासंगणकात सहा महिन्यांत स्मृतीच्या १५२ पॅरिटी चुका नोंदल्या गेल्या होत्या. ही नोंद होऊ शकली ती त्या यंत्रात ताळा होता म्हणूनच. त्यानंतरच्या क्रे-१ यंत्रांत चूक दुरुस्त करणारी पद्धती बसविण्यात आली.

कायमस्वरूपी दोष शोधण्याच्या पद्धतीही याच काळात शास्त्रशुद्ध झाल्या. एखाद्या घरात एक लिहून तो परत वाचला आणि तो बरोबर आला, एवढ्याने ते घर निर्दोष ठरत नाही. शेजारच्या घरात लिहिताना ते बदलते काय, हेही पाहावे लागते. प्रत्येक घराच्या संदर्भात प्रत्येक दुसरे घर तपासावयाचे म्हटले तर परीक्षा कधी संपणारच नाही. कमी वेळात अधिक दोष पकडणाऱ्या चाचणीचा आराखडा रवी नायर, सतीश थत्ते व जेकब अब्राहम यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे 'मार्च' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचण्या रूढ झाल्या. त्यांत सर्व घरांत शून्य लिहून, मग पहिल्या घरापासून क्रमाने शून्य वाचत व एक लिहीत जावयाचे, आणि नंतर उलट्या क्रमाने एक वाचत व शून्य लिहीत परतावयाचे असते. लिहिण्याचा परिणाम न वाचलेल्या शेजाऱ्यावर झाला असेल, तर या जाण्या-येण्यात तो उघडकीस येतो.

७. वैयक्तिक संगणक आणि ताळ्याची गच्छंती

१९८१ मध्ये आयबीएमने आणलेल्या वैयक्तिक संगणकात स्मृतीच्या आठ चिपांसोबत पॅरिटीची नववी चिप होती. ताळा जुळला नाही की यंत्र 'पॅरिटी चेक' असा संदेश दाखवून तेथेच थांबे. वापरणाऱ्यास हे थांबणे त्रासदायक वाटे. पण दोष कोणाचा हे तरी त्यास कळत असे.

१९९० च्या दशकात संगणकाच्या किमतींची स्पर्धा तीव्र झाली आणि नववी चिप हा अनावश्यक खर्च वाटू लागला. या काळात बाजारात एक चमत्कारिक वस्तू आली. ज्या संगणकांस पॅरिटीची पट्टी लागत असे त्यांच्यासाठी बनावट पॅरिटीच्या पट्ट्या विकल्या जाऊ लागल्या. त्यांत नववी चिप असे, परंतु ती ताळा साठवून ठेवीत नसे. वाचनाच्या वेळी जे काही समोर येई त्यावरून ती तत्क्षणी जुळणारा ताळा बनवून देई. बिट उलटलेला असला तरी हा साक्षीदार 'सर्व ठीक आहे' असेच सांगे. १९९५ मधील इंटेलच्या ट्रायटन या चिपसंचात तर पॅरिटीची सोयच नव्हती. सर्व्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांत चूक दुरुस्त करणारी स्मृती टिकून राहिली. सामान्य वापराच्या यंत्रांतून मात्र ताळा गेला. भारतातील लहान शहरांत संगणक पोहोचले ते नेमके या काळात. म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य वापरकर्त्यांनी ताळा असलेला संगणक कधी पाहिलाच नाही.

दरम्यान स्मृतीचा आकार अफाट वाढला. आजच्या साध्या संगणकातील ८ गिगाबाइट रॅममध्ये अडुसष्ट अब्जांहून अधिक बिट असतात, म्हणजे टिफ्रॅकच्या आठ लक्ष पटींहून अधिक. घरे वाढली आणि पहारा उठला, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

८. निदानाचे पुनरागमन

ताळा गेल्यावर दोष शोधण्याची जबाबदारी वापरकर्त्यांवर आली आणि त्यांनी ती काही अंशी पेललीही. लिनक्सच्या वापरकर्त्यांना १९९० च्या दशकात असे आढळले की, कर्नल संकलित करण्याचे दीर्घ काम मध्येच अडते. त्यातून एक व्यवहारी नियम रूढ झाला: काम दर वेळी त्याच ओळीवर अडत असेल तर कार्यक्रमाचा संशय घ्यावा, दर वेळी निराळ्या ओळीवर अडत असेल तर यंत्राचा. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये 'मेमटेस्ट८६' हा कार्यक्रम सिद्ध केला. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधीच सुरू होतो आणि जवळजवळ संपूर्ण स्मृती वेगवेगळ्या मांडण्यांनी तपासतो. ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच ज्या स्मृतीवर उभी असते तिची संपूर्ण परीक्षा तिला घेता येत नाही, हे त्यामागील तत्त्व. मायक्रोसॉफ्टनेही पुढे व्हिस्टापासून विंडोजमध्येच मेमरीची चाचणी समाविष्ट केली.

दोष किती प्रमाणात आढळतो याविषयी दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. श्रोडर, पिन्हेरो व वेबर यांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या, आणि त्यांतील मोठा भाग क्षणिक दोषांचा नसून कायम दोषांचा असावा असे त्यांचे अनुमान होते. तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी आढळला.

दुसरा अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या नाइटिंगेल, ड्यूसर व ऑर्गोव्हन यांचा असून तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जवळजवळ दहा लक्ष वैयक्तिक संगणकांच्या कोसळण्याच्या नोंदी तपासल्या. या संगणकांत ताळा नव्हता. मग दोष ओळखला कसा? ऑपरेटिंग सिस्टीमच्या आज्ञांची मूळ प्रत संशोधकांजवळ होती. कोसळलेल्या यंत्राच्या स्मृतीतील प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहता कोठे नेमका एकच बिट बदललेला आहे हे कळत होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखिते परस्परांशी ताडून लेखनिकांचे प्रमाद शोधले गेले. त्या पाठचिकित्सेशी या रीतीचे साम्य इतिहासाच्या अभ्यासकास सहज जाणवेल.

त्यांचा निष्कर्ष असा की, आठ महिन्यांच्या काळात ज्या संगणकांचा प्रोसेसर एकूण किमान ३० दिवस चालला, त्यांपैकी सुमारे १,७०० संगणकांमागे एक या कारणाने कोसळला. हे प्रमाण अल्प वाटेल. परंतु ते स्मृतीच्या एका छोट्या भागापुरतेच मोजलेले आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, एकदा असा कोसळलेला संगणक पुन्हा त्याच कारणाने कोसळण्याचे प्रमाण बारांत एक, आणि दोनदा कोसळलेला तिसऱ्यांदा कोसळण्याचे प्रमाण दोनांत एक होते. म्हणजे हा दोष दैवयोगाने सर्वांवर सारखा पडत नाही. तो ठरावीक यंत्रांत ठाण मांडून बसतो. त्या यंत्रावर काम करणारी व्यक्ती मात्र पुनःपुन्हा दोषी दिसते.

२०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, आधुनिक रॅममधील एक रांग अतिजलद गतीने पुनःपुन्हा उघडल्यास शेजारच्या रांगेतील बिट उलटतात. तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० मध्ये हा दोष आढळला. मँचेस्टरच्या नळीतील शेजारी बिघडण्याची जुनी अडचण अशा रीतीने परत आली. अलीकडच्या डीडीआर५ स्मृतीत चिपच्या आतच चूक दुरुस्त करण्याची सोय आहे. तथापि ती चिपबाहेरील मार्गावरच्या चुका पकडत नाही, आणि आत झालेल्या दुरुस्तीची वार्ता सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नाही.

९. महाविद्यालयीन व्यवहाराच्या संदर्भात

स्मृतिदोषाने यंत्र कोसळणे हा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम मानावा लागेल, कारण तो निदान दिसतो. न कोसळता आकडा बदलणे अधिक गंभीर होय. मे २००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवारास ४,०९६ मते अधिक मिळालेली दिसली. ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजेच नेमक्या एका बिटाचे मूल्य. कार्यक्रमात दोष सापडला नाही आणि बिट उलटला असावा असे अनुमान करण्यात आले. त्या उमेदवारास शक्य नव्हती इतकी मते दिसल्यामुळेच चूक लक्षात आली. गुणपत्रकातही चौथा बिट उलटला तर आठ गुणांचा फरक पडतो, आणि ३१ चे २३ झाले तर ते कोणासही अशक्य वाटणार नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, म्हणून संगणकाच्या प्रत्येक आजारास उष्णतेचे कारण देण्याची येथे सवय आहे. गूगलचा अभ्यास वातानुकूलित दालनांतील यंत्रांचा असल्यामुळे तो आपल्या परिस्थितीस जसाच्या तसा लागू करता येणार नाही हे खरे. परंतु पुराव्यावाचून उन्हास दोष देणे हेही निदान नव्हे. पुढील शिस्त पाळली तर पुष्कळ अनर्थ टळतील.

पहिली गोष्ट, फॉरमॅट हा पहिला उपाय नसून शेवटचा असावा. त्याने माहिती जाते आणि पुरावाही जातो. प्रथम माहितीची प्रत काढावी. मात्र ती संशयित यंत्राकडून काढलेली असल्यामुळे कागदाशी पडताळावी. दुसरी गोष्ट, प्रत्येक यंत्रासाठी एक नोंदवही असावी आणि कोसळण्याचा दिनांक, वेळ व पडद्यावरील संकेत तीत लिहावा. दर वेळी निराळा संकेत येत असेल तर स्मृतीचा संशय बळावतो. तिसरी गोष्ट, मेमरीची चाचणी रात्रभर, अनेक फेऱ्यांनी चालवावी. दोष आढळल्यास एक-एक पट्टी काढून व जागा बदलून पाहावे. कारण दोष पट्टीचा, खाचेचा, मदरबोर्डचा किंवा वीज पुरविणाऱ्या पेटीचाही असू शकतो. चाचणीत दोष आढळला तर तो बहुधा खरा असतो; आढळला नाही तर मात्र स्मृती निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. चौथी गोष्ट, परीक्षा विभागाच्या मुख्य संगणकास चूक दुरुस्त करणारी स्मृती असावी, आणि गुणांच्या प्रत्येक स्तंभाखाली हाताने काढलेली बेरीज असावी. यंत्रातून गेलेला ताळा निदान कागदावर तरी राहावा.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. स्मृतीचा दोष हा संगणकाइतकाच जुना असून १९५० च्या दशकात तो सर्वांस ठाऊक होता, कारण यंत्र बांधणारे व वापरणारे एकच होते. यंत्र बाजारातील वस्तू झाल्यावर ताळा हा खर्चाचा भाग ठरला आणि तो सामान्य वापरकर्त्याच्या यंत्रातून काढण्यात आला. दोष मात्र गेला नाही. तो व्हायरस, वीज, उन्हाळा आणि शेवटी माणूस अशी नावे घेऊन वावरू लागला. ज्याच्याजवळ प्रतिवादाचे साधन सर्वांत कमी, त्याच्यावर ठपका सर्वांत लवकर येतो, हे समाजाच्या इतिहासात वारंवार दिसणारे सत्य संगणकाच्या इतिहासातही दिसते.

आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यांस शिकवितो की, कागद काय सांगतो हे वाचण्यापूर्वी तो कागद विश्वसनीय आहे काय हे तपासावे. संगणकाच्या स्मृतीस हाच नियम लावणे आवश्यक आहे. एका रात्रीच्या चाचणीने एका कंत्राटी कर्मचाऱ्याची ताकीद टळली असती. ती रात्र यापुढे प्रत्येक महाविद्यालयाने, कोणासही दोषी ठरविण्यापूर्वी, अवश्य द्यावी.